कूलर सुरू, तरी कूलरसमोरच्या जागेवरून भांडण: तपासायला कुठून घ्यायचं?

मे महिन्यात आमच्या अकोल्याच्या घरात दुपारी बारा ते पाच एकाच खोलीत नऊ माणसं असतात. आई, भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं, ठाण्याहून आलेली बहीण, तिची दोन मुलं आणि मी. खोलीला कूलर एकच. लोखंडी, खिडकीबाहेर स्टँडवर ठेवलेला. मी शाळेत गणित शिकवते, मेकॅनिक नाही. पण गेले अठरा उन्हाळे हा कूलर मीच भरते, मीच उघडते. ते पाहून गल्लीतल्या चार-पाच घरांचे कूलरही माझ्याच गळ्यात पडलेत. तक्रार सगळीकडे एकच: "चालू तर आहे, पण थंड नाही करून राह्यला."

मी पोचते तोवर घरातलं कुणीतरी नवा पंप आणायला चप्पल घालून तयार असतं. जरा थांबा. माझ्या यादीत पंपाचा नंबर सहावा आहे.

लक्षणं

यातलं तुमच्याकडे काय काय होतंय ते आधी पाहून घ्या.

- कूलरसमोरच्या जागेसाठी पोरं रोज भांडतात. हे गमतीने लिहीत नाही, माझ्या लेखी हे पहिलं लक्षण आहे. समोर बसणारा गारठतो आणि कोपऱ्यातला घामाघूम होतो, याचा अर्थ हवा खोलीभर फिरतच नाहीये.
- पहिला अर्धा तास छान, मग अंग चिकचिकायला लागतं. गादी, उशी, पापडाचा डबा सगळं दमट.
- वारा जोरात येतो, पण गरम.
- एका बाजूची ताटी (कूलरच्या बाजूच्या दारातला गवताचा थर) ओली, दुसरी ठणठणीत कोरडी.
- वाराच कमी झालाय, मोटर घरघरते किंवा नुसती गुणगुणते.
- कूलर लावला की माशासारखा, कुबट वास.
- कूलरला किंवा पाण्याला हात लागला की मुंग्या येतात. असं असेल तर पुढचं काही वाचू नका. भिंतीवरचं बटण बंद करा, कोरड्या हाताने प्लग काढा आणि "थांबायचं कुठे" हा भाग वाचा.

आणि एक अट. खाली जिथे जिथे हात आत घालायचा आहे तिथे प्लग काढून मगच. बटण बंद केलं म्हणजे झालं, असं नाही. जुन्या घरांत वायरिंग उलटसुलट असतं आणि बटण बंद असूनही वायरीत करंट असू शकतो.

१. समोरची खिडकी उघडी आहे का? (खर्च शून्य)

"खिडकी काहून उघडी ठेवली वं? गार हवा सारी बाहेर जाऊन राह्यली!" आमच्या आईचं हे वाक्य मी अठरा वर्षं ऐकतेय. तिचं म्हणणं एसीच्या बाबतीत अगदी बरोबर आहे. कूलरच्या बाबतीत नेमकं उलटं.

एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो, म्हणून तिथे दारं-खिडक्या बंद हव्यात. कूलर बाहेरची कोरडी हवा ओढतो, ओल्या ताटीतून गाळतो आणि आत ढकलतो. ही हवा गार असते, पण तिच्यात पाण्याची वाफही असते. तिला बाहेर जायला वाट नसेल तर खोलीतली वाफ वाढत जाते. घाम वाळत नाही, अंग चिकट होतं. शिवाय भरलेल्या पोत्यात आणखी धान्य मावत नाही तशी कूलरची नवी हवाही आत येईना होते. पहिला अर्धा तास छान आणि मग चिकचिक, त्याचं कारण हेच.

म्हणून कूलरच्या समोरच्या बाजूची, शक्यतो तिरक्या कोपऱ्यातली खिडकी किंवा दार उघडा. वीतभर फट ठेवून सुरुवात करा. त्या फटीपाशी उदबत्ती धरा. धूर बाहेर ओढला जात असेल तर ठीक. दार लावताना आतून कुणी रेटतंय असं वाटलं, किंवा ते आपोआप धाडकन आपटलं, तर फट अजून वाढवा. कूलरच्या शेजारचीच खिडकी उघडून उपयोग नाही. गार हवा आत आली की तिथूनच निघून जाते आणि पलीकडचा कोपरा तसाच तापलेला राहतो.

तिरकी वाट मिळाली की हवा सगळ्या खोलीवरून जाते, आणि समोरच्या जागेचं महत्त्व आपोआप कमी होतं. आमच्याकडे त्या जागेवरची निम्मी भांडणं एका खिडकीने मिटली. उरलेली निम्मी भावंडांची आहेत, त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

कूलर आणि खिडकीची चौकट यांच्यातल्या फटी मात्र बुजवाच. पुठ्ठा चालतो, थर्माकोल चालतो, जुनं धोतर पण चालतं. त्या फटींतून बाहेरची झळ सरळ आत शिरते.

२. दोन थर्मामीटर आणि एक ओलं फडकं

बिघाड कूलरमध्ये आहे की खोलीत, हे ठरवणारी तपासणी हीच. मुलांना दुपारभर गुंतवणारीही हीच.

भिंतीवर लावायचे साधे थर्मामीटर दोन आणा. ताप बघायचा नको, त्याची पट्टी साधारण ४२ पर्यंतच असते आणि काचेचा असेल तर पारा झटकेपर्यंत खाली येत नाही. एक तसाच ठेवा. दुसऱ्याच्या खालच्या फुग्याला मलमलीचं ओलं फडकं गुंडाळा. दोन्ही बाहेर सावलीत टांगा आणि वहीने वारा घाला. पाच मिनिटांनी दोन्ही आकडे लिहा.

आमच्याकडे मेच्या दुपारी कोरडा ४३ दाखवतो आणि ओला २३ च्या आसपास. फरक २० अंश. चांगल्या ताट्यांचा कूलर या फरकातला साधारण पाऊण भाग उतरवतो. म्हणजे ४३ मधून १५ गेले, कूलरच्या तोंडाशी २८ यायला हवेत. आता कोरडा थर्मामीटर कूलरच्या जाळीसमोर धरा (जाळीच्या आत नाही, मुलांना हे दोनदा सांगा).

तिथे २८-२९ आले तर कूलर निर्दोष आहे. दोष खोलीचा: खिडकी बंद, छत तापलेलं, पश्चिमेच्या भिंतीवर ऊन. तोंडाशीच ३५-३६ येत असतील तर दोष कूलरचा, आणि पुढच्या तपासण्या तुमच्यासाठी आहेत.

ठाण्याची भाचरं दरवर्षी विचारतात, "मावशी, आमच्याकडे कूलर का नाही चालत?" या उन्हाळ्यात मी भाच्याला त्याच्या घरून फोनवर आकडे पाठवायला लावले. कोरडा ३४, ओला २९. फरक फक्त ५. त्यातला पाऊण भाग म्हणजे चार अंशही नाहीत, आणि वर खोलीत आणखी दमटपणा. कोकण किनाऱ्यावर कूलर घेऊन पस्तावणारे लोक यंत्राला दोष देतात. यंत्र बिचारं ठीकच असतं, तिथल्या हवेचंच पोट पाण्याने आधीच भरलेलं असतं.

पहिल्या दिवशी मुलांच्या वहीत ५२ अंश लिहिलेले होते. थर्मामीटर उन्हातल्या भिंतीवर टांगला होता. त्यांना मी नागपूरची गोष्ट सांगितली: ३० मे २०२४ ला तिथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर गाजावाजा झाला, आणि तपासणीत सेन्सरच बिघडलेला निघाला. नागपूरचा खरा गाजलेला आकडा २३ मे २०१३ चा, ४७.९. तेव्हापासून वहीत आकड्यापुढे "सावलीत" असा शेरा असतो.

३. कूलर हवा कुठून ओढतोय?

पाठ भिंतीला चिकटलेली असेल तर त्या बाजूची ताटी नुसती शोभेची. तिन्ही बाजूंनी निदान दीड-दोन फूट मोकळं हवं. सामान ठेवायला जागा नाही म्हणून कूलरमागे सायकल, गव्हाची कोठी आणि पत्र्याची पेटी रचलेली घरं मी पाहिली आहेत.

कूलर खोलीच्या आत ठेवला असेल तर तो तीच दमट हवा पुन्हा पुन्हा ओढतो. तो दारात किंवा खिडकीत न्या, तोंड आत आणि पाठ बाहेर.

पश्चिमेचं ऊन थेट येत असेल तर वर हिरवी जाळी किंवा जुनी चटई बांधा, पण ताट्या झाकू नका. शेजाऱ्याच्या एसीचा बाहेरचा डबा तुमच्या कूलरकडे तोंड करून असेल तर त्याची भट्टी तुम्ही आत ओढताय. अशा वेळी कूलर हलवायचा. शेजाऱ्याशी बोलणं त्यानंतर.

४. पाणी: केव्हा, किती आणि बर्फाची गोष्ट

आधी फक्त पंप लावा, दहा-पंधरा मिनिटांनी पंखा. कोरड्या ताटीतून पंखा सुरू केला की सुरुवातीला लूच आत येते, आणि जोराच्या वाऱ्यात पाणी ताटीवर नीट पसरत नाही.

मोठा कूलर भर दुपारी तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज पितो. सकाळी भरलेली टाकी दोनपर्यंत तळाला जाते आणि पंप उघडा पडतो. वारा येत राहतो, ओलावा संपतो. "दुपारपर्यंत बरा चालतो, मग गरम फेकतो" ही तक्रार बहुतेक वेळा एवढीच असते. आमच्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून दीड वाजता कूलरला पाणी घालणं हे मुलांपैकी एकाचं पाळीचं काम आहे. तेही मोठ्या माणसाने प्लग काढून दिल्यावरच.

आता बर्फ. दरवर्षी कुणीतरी फ्रिजमधले सगळे ट्रे टाकीत रिकामे करतं. एक लिटर पाणी वाफ होताना हवेतून सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता खेचतं. एक किलो बर्फ वितळताना खेचतो ३३४. म्हणजे एक लिटर पाणी उडून जे काम होतं, त्यासाठी सात किलो बर्फ लागेल. गारवा पाणी गार असल्याने येत नाही, ते उडाल्याने येतो. बर्फ पन्ह्यात घाला.

पाणी उडतं तसे त्यातले क्षार मात्र टाकीतच राहतात. बोअरचं पाणी असेल तर आठवड्यात टाकीतलं पाणी चवीला खारट लागेल इतकं जड होतं (चव घेऊ नका, मी घेतली आहे). म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायची. कुबट वासही त्यानेच जातो. आणि खरं कारण वेगळंच: डेंग्यूचा एडीस डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो, आणि उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेघेपाशी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. काथ्याने कडा घासा, तासभर टाकी वाळू द्या. ते पाणी झाडांना घालू नका, क्षार जास्त असतात. अंगण शिंपायला किंवा संडासात वापरा.

५. ताट्या आणि वरची पन्हळ

कूलर खरोखर दोषी असेल तर गुन्हेगार बहुधा इथे सापडतो.

प्लग काढून ताट्यांची दारं बाहेर काढा आणि उजेडासमोर धरा. लाकडाच्या तंतूंचं गवत खाली सरकून वर भगदाड पडलंय का? हवा आळशी असते, ती भगदाडातूनच जाते आणि ओल्या भागाला शिवतही नाही. वितभर भोक असलं तरी तोंडाशी तीन-चार अंशांचा फरक मी मोजला आहे. गवत वर ओढून सारखं करा, जाळीला सुतळीने बांधा. उलट चूकही करू नका. एका शेजाऱ्यांनी जास्त गारवा मिळावा म्हणून दुप्पट गवत ठासलं होतं. वाराच येईना, मोटर तापून वास मारायला लागली.

तंतूंवर पांढरी पोपडी आली असेल तर ते गवत संपलं. जुना माठ पाणी गार करत नाही ना, तसंच. माठाची छिद्रं क्षारांनी बुजतात, पाझर थांबतो, मग तो नुसता घडा उरतो. लाकडी गवताच्या ताट्या दर उन्हाळ्याला बदलायच्या, त्यात काटकसर करू नये. वाळ्याच्या ताट्या महाग, पण पहिल्या आठवड्यातला तो सुगंध मला तरी पैसे वसूल वाटतो. जाळीदार पुठ्ठ्यासारखे हनीकोंब पॅड नीट धुतले तर दोन-तीन उन्हाळे जातात. नव्या गवताचं पहिलं पाणी चहासारखं तपकिरी येतं. ते ओतून द्या, नाहीतर सुरुवातीचे दिवस वासात जातात.

मग ताटीच्या डोक्यावरची पन्हळ बघा. तिच्या तळाला बारीक भोकं असतात, त्यांतून पाणी ताटीवर टपटपतं. क्षार आणि गवताचे तुकडे यांनी ती बुजतात. सायकलच्या आऱ्याने किंवा उदबत्तीच्या काडीने एकेक मोकळं करा. ताटीवर उभे कोरडे पट्टे दिसत असतील तर नेमकी त्यांच्या वरचीच भोकं बंद असणार. क्षार फार चिवट असतील तर लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून रात्रभर ठेवा.

एक बाजू पूर्ण कोरडी आणि भोकं मोकळी, असं असेल तर कूलर तिरपा आहे. वर पाण्याने भरलेली ताटली ठेवा, पाणी कुठल्या कडेला चढतंय ते लगेच दिसतं. स्टँडच्या पायाखाली फरशीचा तुकडा सरकवायचा आणि विषय संपला. पूर्ण भरलेला कूलर मात्र एकट्याने उचलायला जाऊ नका. टाकीतलं शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो.

६. आता पंप

पंखा बंद, फक्त पंप चालू. कान द्या. आवाज आहे पण वर पाणी नाही: प्लग काढा, पंप उचला, खालची जाळी उघडा. बहुतेक वेळा आतल्या पातीभोवती गवताचा तंतू गुंडाळलेला सापडतो. तो काढा, पाती बोटाने फिरवून बघा, नळीत फुंकर मारा. नळी कुठे दुमडली असेल तर सरळ करा. पंप पुन्हा पूर्ण बुडेल असा ठेवा, कारण पाण्याशिवाय चालला की तो तापून जळतो.

आवाजच नाही, तर पंप बहुतेक गेला. साधा पंप दोन-चारशे रुपयांत मिळतो, त्याला दुरुस्त करण्यात अर्थ नाही. पण नवा जोडताना वायरीचा जोड टाकीच्या आत येऊ देऊ नका. जोडावर गुंडाळलेली काळी पट्टी पाण्याला अडवत नाही. वायर अखंड बाहेर आली पाहिजे आणि जोड कोरड्या जागी, उंचावर. वायरी जोडण्याची सवय नसेल तर हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

७. वाऱ्याचाच जोर नसेल तर

आधी छताचा पंखा बघा. तोही मंद फिरत असेल तर व्होल्टेज पडलंय, कूलरला शिव्या देऊ नका. एलईडी दिव्यावरून हे कळत नाही, कमी व्होल्टेजलाही तो लखलखत राहतो. पंखा खोटं बोलत नाही.

छताचा पंखा ठीक आणि कूलर मंद, तर पात्यांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा. पात्यांवर चढलेली मळाची साय वारा खाते. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तर बहुधा कंडेन्सर गेला. सुटा भाग स्वस्त आहे, पण मी तो हाताळत नाही. प्लग काढल्यावरही त्यात करंट साठून राहू शकतो. आणि पाती हाताने ढकलून "स्टार्ट" देणारे वीर प्रत्येक गल्लीत असतात. तसं करू नका.

थांबायचं कुठे

मुंग्या आल्या, जळका वास आला, कूलर लावला की घराचा एमसीबी पडतो, मोटर हात ठेववणार नाही इतकी तापते, किंवा टाकी गंजून वायरीच्या जागेपर्यंत पाणी पोचलंय. यातलं एकही असेल तर प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. त्या दिवशी पुन्हा "एकदा लावून बघू" करू नका.

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या धक्क्याने माणसं जातात. लोखंडी पत्रा, ओली फरशी, अनवाणी पाय आणि दोन पिनांचा प्लग, एवढं एकत्र आलं की पुरे. प्लगची तिसरी, जाड पिन अर्थिंगची. मोटरची किंवा पंपाची वायर पत्र्याला टेकली तर करंट तिथून जमिनीत जावा म्हणून ती असते. ती कापून दोन पिनांच्या बोर्डात घुसवलेला प्लग दिसला तर मी ते घर सोडत नाही, नवा बोर्ड बसेपर्यंत. नुसती पिन असून चालत नाही, घराला अर्थिंग खरोखर आहे का हे वायरमन मोजून सांगतो. त्याच फेरीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट वाट चुकून माणसातून जायला लागला तर तो क्षणात लाइन तोडतो. त्याचा खर्च नव्या कूलरपेक्षा कितीतरी कमी आहे.

पत्र्याला टेस्टर लावून दिवा पेटला तर धोका नक्की. पण दिवा पेटला नाही म्हणून कूलर सुरक्षित ठरत नाही. हाताची उलटी बाजू लावून बघण्याची जुनी पद्धत तर विसराच.

वायरमन येईपर्यंतची दुपार

तो "आलोच" म्हणतो आणि संध्याकाळी येतो. तोवर नऊ माणसं, त्यात चार मुलं.

खालच्या मजल्यावरची, पूर्वेची खोली निवडा. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून ओली चादर टांगा, आतून पडदा लावला तर काच आधीच तापलेली असते. गाद्या उचला आणि ओल्या फडक्याने पुसलेल्या फरशीवर बसा. बाहेर चाळिशी पार असताना नुसता पंखा कोरड्या अंगावर गरम हवाच मारतो, म्हणून हातपाय, मान आणि तोंड ओलं करून मग पंख्याखाली. हा तुमच्याच कातडीचा कूलर.

पन्हं, ताक, ज्वारीची आंबील दर तासाला फिरवायची. तहान लागण्याची वाट बघायची नाही, पत्ते खेळणाऱ्या मुलांना तहान कळत नाही. खेळ बसून खेळायचे: बदाम सात, झब्बू, तिघंच असतील तर पाच-तीन-दोन, आणि आईच्या कवड्या निघाल्या की अष्टाचंग. आमचा नियम असा की झब्बू ज्याच्यावर येईल त्याने सगळ्यांना पाणी द्यायचं. लाइन गेली की भेंड्या. कुरड्या-सरगुंड्यांची राखण करायला गच्चीवर जायची हौस सगळ्यांना असते. ती सकाळी दहाच्या आत, आणि नवतप्यात (मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत) तेवढीही नाही.

आणि माणूसच तापला तर कूलर सोडा. खूप थकवा, डोकेदुखी, मळमळ, भरपूर घाम: गार जागी आडवं करा, ओल्या फडक्याने पुसा, शुद्धीत असेल तर ओआरएस घोट-घोट द्या. बरं वाटेना झालं तर डॉक्टर गाठा. असंबद्ध बोलणं, तोल जाणं, झटका, शुद्ध हरपणं किंवा अंग भाजल्यासारखं गरम: हा उष्माघात. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. म्हातारी माणसं "मले काही नाही झालं" म्हणतात, त्यांच्या शब्दावर जाऊ नका.

कूलर कधी बंद करायचा

रोहिणी संपून मृग लागला की हवेतलं पाणी वाढतं आणि वहीतला फरक आटत जातो. फरक दहाच्या खाली आला की मी पंप बंद करून नुसता पंखा वापरते. पाच-सहाला आला की प्लग काढते, टाकी घासून उलटी करते, पंप धुऊन, वाळवून कपाटात ठेवते आणि गवत फेकून देते. पुढच्या वर्षीसाठी ठेवलेलं गवत उंदरांना आवडतं.

यंदाच्या वहीतली शेवटची नोंद भाच्याच्या अक्षरात आहे: "कोरडा ३३, ओला २८, सावलीत. फरक ५. आता इथे पण ठाणे झाले."